उत्तरपूजा राहिलेला टॅब

काळखडी नावाच्या गावात एक गुरुजी होते, आणि त्यांना येत नाही अशी गोष्ट शोधून सापडली नसती. निदान गाव तरी तसं समजून चालत होतं. कोर्टाचा कागद आला, चला विश्वंभर गुरुजींकडे. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय, विचारा गुरुजींना. म्हैस आटली तरी गुरुजीच! गुरुजीही कुणाला रिकाम्या हाती पाठवत नसत. येत असेल तर सांगत, येत नसेल तर जरा जास्त ठासून सांगत. माणूस तसा सोन्यासारखा, मुलांवर जीव टाकणारा. पण "मला येत नाही" हे तीन शब्द काही त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडले नव्हते.

गुरुजींच्या शाळेत बानू नावाची धनगराची मुलगी होती. वय दहा, डोळे टपोरे, आणि तोंडात अष्टौप्रहर एकच शब्द, का. फळा काळाच का? पाढे वरून खालीच का म्हणायचे? खडूचा भुगा नाकात गेला की शिंक का येते? गुरुजी म्हणायचे, "अगं बाई, तुझ्या जिभेला जरा विसावा दे," आणि मग हसत हसत उत्तर द्यायचे.

पण या बानूचं एक दुखणं होतं. दिवाळी झाली की तिचा बाप मायाप्पा घोड्यावर संसार लादायचा आणि मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा. माघारी यायचा तो पावसाच्या तोंडाला. जूनपासून दिवाळीपर्यंत बानू अक्षरं ओळखायची, जोडायची, अडखळत का होईना शब्दापर्यंत पोचायची, आणि तेवढ्यात निघायची वेळ व्हायची. मग सात महिने मेंढरांमागे. परत आली की पाटी कोरी ती कोरीच. तीन वर्षं असंच चाललं होतं. तिच्या बरोबरीच्या मुली चौथीत गेल्या आणि बानू अजून पहिलीच्या पुस्तकाशी झटत होती.

यंदा मायाप्पानं शाळेच्या दारात उभं राहून सांगून टाकलं. "गुरुजी, राग मानू नगा. तीन सालं झाली, पोरगी हाय तितंच हाय. आवंदा कोकणातनं माघारी आलो, आन् हिला धा वळी वाचता आल्या न्हाईत, तर साळा बास. कोकरं सांभाळील, आईच्या हाताखाली ऱ्हाईल."

मायाप्पा काही वाईट माणूस नव्हता. आपल्या पोरीला लहान लहान मुलांत बसलेलं बघून त्याचा जीव तुटायचा, एवढंच. बानू त्याच्या पाठीमागे उभी होती. तिचं तोंड एवढंसं झालं.

अशातच, घटस्थापनेच्या दिवशी, तालुक्याहून शाळेला एक टॅब आला. खोक्यात एक चिठ्ठी होती. 'वाचन शिकण्यासाठी. मुलांच्या हाती द्यावा.' झालं! मुलं गुळाला मुंग्या लागाव्यात तशी खोक्याला चिकटली. टॅब पाटीएवढाच होता, पण काळाभोर आणि गुळगुळीत, त्यात ज्याचं त्याला तोंड दिसत होतं.

"गुरुजी, ह्यात काय असतं?" बानूनं विचारलं.

"अक्षरं. धडे. गोष्टी."

"आत्ता त्या आत बसून काय करतात?"

"बानू, गप."

मुलं घरी गेल्यावर गुरुजींनी दार लोटून घेतलं आणि टॅब हातात धरला. त्यांचा स्वतःचा फोन साधा, बटणांचा. इथे बटण सापडता सापडेना. शेवटी कडेला एक बारीकसा उंचवटा लागला. तो त्यांनी दाबला. काही झालं नाही. जोरात दाबला. तरी काही नाही. उलटा करून हलवला. टॅब आपला काळाचा काळा! गुरुजींना दरदरून घाम फुटला. आपल्या हातून बिघडला की काय? नवीकोरी वस्तू, आली त्याच दिवशी! आता गावाला काय तोंड दाखवायचं?

सकाळी मुलांनी विचारलं, "गुरुजी, लावायचा ना?" आणि गुरुजींच्या तोंडून निघून गेलं, "खंडेनवमी आली ना जवळ. पूजेआधी नवं हत्यार चालवू नये."

आता असा नियम कुठल्या पोथीत आहे म्हणाल, तर कुठल्याच नाही. पण गुरुजी म्हणाले म्हणजे असणारच. खंडेनवमीला सुतारानं करवत मांडली, शिंप्यानं कात्री मांडली, आणि शाळेत चौरंगावर टॅब मांडला गेला. त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. शाळा समितीचे अध्यक्ष रंगराव यांनी नारळ फोडला आणि त्याचं थोडं पाणी टॅबवर शिंपडलं तेव्हा गुरुजींनी डोळेच मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी दसरा. हत्यारांची उत्तरपूजा करायची, म्हणजे अक्षता टाकून पूजा आटोपायची, हत्यार उचलायचं आणि कामाला लावायचं, ही गावाची रीत. सुताराची करवत दुपारी लाकडावर चालू लागली. शिंपी कापड बेतायला बसला. मुलं शाळेत वाट बघत राहिली. गुरुजी म्हणाले, "टॅबच्या उत्तरपूजेला निराळा मुहूर्त लागतो. सांगतो मी." त्यांनी टॅब माळेसकट उचलला, लाल फडक्यात गुंडाळला, कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात टाकली.

मुहूर्त काही लागेना. आठवडा गेला. झेंडूची माळ कपाटात वाळून गेली. बानूचा जीव खालीवर होत होता, कारण तिचे दिवस मोजके होते. एकदा ती म्हणाली, "गुरुजी, आमचा बाबा दसऱ्याला लोकर कातरायची कातर पुजतो. आणि दुपारी तीच घेऊन मेंढी धरतो. तुमचा मुहूर्त का निघत नाही?"

"मोठ्यांच्या गोष्टीत तोंड घालू नये."

 बानूनं अगदी सरळ मनानं, मान वर करून विचारलं, "गुरुजी, तुम्हाला तो लावता येतो का?"

 गुरुजींचे कान लाल झाले. "न यायला काय झालं?" ते कडाडले. "चार बुकं शिकून आलोय इथे! फार शहाणी झालीस का? ऊठ, कोपऱ्यात उभी राहा!"

बानू कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. ती रडली नाही. भिंतीकडे तोंड करून शाळा सुटेपर्यंत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी ढगांवरचा धडा घेतला. ढग पाण्यानं भरलेले असतात, ते म्हणाले आणि थांबले. आता ही विचारणार, मग ते खाली का पडत नाहीत? बानू खाली मान घालून बसली होती. तिसऱ्या दिवशी गुरुजी मुद्दाम म्हणाले, "चंद्र दिवसा झोपतो." तरी नाही. चौथ्या दिवशी त्यांनी खडूचा भुगा जोरात झटकला. सगळी मुलं शिंकली. बानूही शिंकली, पण बोलली नाही.

गुरुजींच्या काळजात चर्र झालं. दिवाळीला आठ दिवस उरले होते. ही पोर आठ दिवसांनी जाणार, आणि कदाचित कायमची जाणार. वाचायला तर शिकली नाहीच, उलट विचारायचंही विसरून जाणार. आणि हे कशापायी? तर आपली अब्रू झाकायला! गुरुजींना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

सकाळी त्यांनी प्रार्थना झाल्या झाल्या कपाट उघडलं. लाल फडकं सोडलं, वाळकी माळ बाजूला काढली आणि टॅब वर्गाच्या मधोमध सतरंजीवर ठेवला. मग तेही मुलांत मांडी घालून बसले.

"मुलांनो," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला. "मला हा लावता येत नाही. मुहूर्ताचं मी खोटं सांगितलं. आल्या दिवशी लावून बघितला, लागला नाही. माझ्याच हातून बिघडला असेल, म्हणून लपवून ठेवला. बानू, तू खरं विचारलंस आणि मी तुला शिक्षा केली. चूक माझी होती गं."

मुलं तोंडाकडे बघतच राहिली. गुरुजींना येत नाही? आपल्या गुरुजींना? कुणी हसलं मात्र नाही. उलट सगळी सरकत सरकत जवळ आली. जणू गुरुजी आज पहिल्यांदा त्यांच्या इयत्तेत येऊन बसले होते.

बानूनं टॅब हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. "गुरुजी," ती हळूच म्हणाली, "बाबाचा फोन पण असाच काळा होतो. मग घोड्यावरची उन्हाची पाटी असते ना, उन्हावर वीज करणारी, तिची वायर लावली की उठतो. ह्याला तुम्ही वायर लावली होती का?"

खोक्याच्या तळाशी वायर होती. गुरुजींनी ती बघितलीसुद्धा नव्हती! तासभर चार्जिंगला लावल्यावर टॅबवर उजेड आला आणि सगळ्या वर्गानं "आ..." केलं. अहो, बिघडला कुठे होता? उपाशी होता बिचारा.

मग काय विचारता! हे दाबलं तर काय होतं? ते ओढलं तर कुठे जातं? प्रत्येकानं काही ना काही शोधून काढलं. अक्षर दोन बोटांनी ताणलं की मोठं होतं हे एकाला सापडलं. एका मुलीनं माईकचं चित्र दाबलं. काही घडेना म्हणून सगळी ओरडू लागली, तेव्हा गुरुजींनी सवयीनं दम भरला, "अरे गप्प बसा रे!" तिनं पुन्हा चित्र दाबलं आणि टॅब गुरुजींच्याच आवाजात म्हणाला, "अरे गप्प बसा रे!" वर्ग हसून हसून लोळला. गुरुजीही डोळे पुसेपर्यंत हसले.

बानू हसता हसता एकदम थांबली. "गुरुजी, तुमचा आवाज ह्यात राहतो?"

"राहतो की."

"किती दिवस राहतो?"

 तिच्या मनात काय आलंय हे गुरुजींच्या ध्यानात आलं आणि त्यांना भरून आलं. "कोकणातून परत येईपर्यंत राहील," ते म्हणाले.

त्याच दिवशी काम सुरू झालं. गुरुजींनी पहिलीच्या पुस्तकाची चार पानं वाचून आवाज भरला. बानू पुस्तक उघडून ऐकत बसली. दोनदा ऐकलं आणि तिसऱ्यांदा टॅबबरोबर घडाघडा म्हणू लागली. गुरुजी खूश झाले. मग त्यांनी वाकून बघितलं, तर तिचं बोट एका ओळीवर आणि तोंड भलत्याच ओळीवर!

"अगं, तू वाचतेस कुठे? तू तर ऐकलेलं म्हणतेस."

बानूनं विचार केला. "तुम्ही आधी बोलता ना, मग मी कशाला बघू? गुरुजी, तुम्ही मागून बोला. आधी मी."

गुरुजींनी कपाळावर हात मारला. पंचवीस वर्षं शिकवलं, पण हे सुचलं नव्हतं. त्यांनी सगळं पुसून पुन्हा आवाज भरला. "पान पहिलं. पहिल्या ओळीवर बोट ठेव. तू वाच." मग मनात वीस अंक मोजेपर्यंत ते गप्प बसत. मग म्हणत, "आता ऐक, मी वाचतो. जुळलं का? नसेल जुळलं तर पुन्हा बघ." असं पानापानाला, ओळीओळीला. दिवाळीची सुट्टी लागली तरी गुरुजी शाळेत येतच राहिले. पुढच्या पुस्तकाची पानंही भरून झाली. अकराव्या पानाला मधेच कोंबडा आरवला, तो तसाच राहिला.

निघायच्या दिवशी रंगराव शाळेत आले. टॅब बानूच्या हातात बघून त्यांचा पारा चढला. "गुरुजी, डोकं ठिकाणावर आहे का? मेंढरांमागे धाडता? दवात भिजेल, दगडावर आपटेल, चोर नेतील. ठेवा आधी कपाटात!"

"कपाटात होताच की दोन आठवडे," गुरुजी म्हणाले. "रंगराव, बाकीच्या मुलांजवळ मी आहे. हिच्याजवळ सात महिने कोणी नाही. काही झालं तर जे काय होईल ते माझ्या नावावर."

मायाप्पानं टॅबकडे संशयानं बघितलं. "ह्यानं काय हुतंय, गुरुजी?"

"ते मलाही ठाऊक नाही," गुरुजी म्हणाले. "बघू या."

बानूनं पुस्तकं आणि वायर पिशवीत घातली, आणि टॅब घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून पोटाशी धरला. मेंढरं निघाली.

त्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात गुरुजींचं चित्त काही थाऱ्यावर नव्हतं. वळवाचा एखादा शिंतोडा आला की त्यांना टॅब आठवायचा. टॅबपेक्षा जास्त बानू आठवायची.

जूनमध्ये शाळा उघडली आणि तिसऱ्याच दिवशी मायाप्पा आणि बानू दारात हजर! बानू हातभर उंच झाली होती. नेमके रंगरावही तिथेच होते. बाजारातून पेरणीचं बियाणं घेऊन घरी जाता जाता ते शाळेत डोकावले होते. घोंगडी उलगडली तर टॅबच्या काचेचा एक कोपरा तडकलेला.

"बघा!" रंगराव गरजले. "सांगत नव्हतो?"

गुरुजींनी काचेकडे बघितलंही नाही. त्यांनी पुस्तक पुढे केलं. "बानू, वाच बरं."

बानूनं पहिलं पान वाचलं, पाचवं वाचलं, अकरावं वाचलं. कुठे अडली नाही. मायाप्पानं मागितल्या होत्या दहा ओळी, तिनं पानंच्या पानं वाचली. गुरुजींची छाती फुगली, पण रंगरावांनी हात झटकला.

"पाठ झालंय हो! सात महिने तेच तेच ऐकलं तर माझी म्हैसपण म्हणून दाखवील. पोपटपंची सगळी."

 भीती गुरुजींनाही तीच होती. मायाप्पाची मानही खाली गेली. रंगरावांनी हातातली बियाण्याची पिशवी बानूसमोर धरली. "हे वाच. हे काही तुझ्या टॅबमध्ये नसणार."

पिशवीवरची अक्षरं बारीक होती. बानूनं बोट ठेवलं.  "बि... या... णे. बियाणे. पे... रणी... पर्यंत." 'पर्यंत'पाशी ती दोनदा अडली, मागे गेली, पुन्हा आली. "पेरणीपर्यंत थंड व को... कोर... कोरड्या जागी ठेवावे."

आणि तिनं मान वर केली. "मामा, थंड जागीच का ठेवायचं? ऊन लागलं तर बी मरतं का? म्हणजे ते आत्ता पिशवीत जिवंत आहे?"

 रंगराव तीस वर्षं पेरणी करत होते, पण हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

गुरुजींच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "रंगराव," ते म्हणाले, "पोपटाला कधी 'का' विचारताना ऐकलंय?"

रंगराव ओशाळले. पिशवीकडे बघत पुटपुटले, "जिवंत असतं खरं की काय..."

गुरुजी मायाप्पाकडे वळले. "बोला मायाप्पा. शाळा बास की शाळा पुढे?"

मायाप्पा उंबऱ्याशी उकिडवा बसला होता. तो खाकरला. "गुरुजी, तुमचं ते येंत्र लई वंगाळ हाय बगा. सांजचं तळावर ही पुस्तक काढून बसायची. तुमचा आवाज म्हनायचा, वाच. आन् मग गप! ही अडली की मला ऱ्हावायचंच न्हाई वो. मानूस गप ऱ्हाईल तरी किती? मी बी वाकून बगायचो. आज एक अक्षार, उद्या एक अक्षार."

त्यानं रंगरावांच्या हातातून पिशवी घेतली. मेंढरं कातरून कातरून जाड झालेलं बोट पहिल्या अक्षरावर टेकवलं. कपाळावर आठ्या घालून, ओठ हलवत, बराच वेळ लावून तो म्हणाला, "बि... या... णे."

 मायाप्पा खाली मान घालूनच म्हणाला, "बानू येईल साळंत. तिचं इचारूच नगा. पर गुरुजी, साळंत नाव घालाया वयाची अट असती का वो?"

गुरुजी सतरंजीवर थोडे सरकले आणि त्यांनी शेजारी जागा केली. "या, बसा," ते म्हणाले. "नावाचं मागाहून बघू. पुढचा शब्द वाचा."

तात्पर्य: शिकवणारं साधन पुजून कपाटात ठेवलं तर कुणाच्याच कामाचं राहत नाही, शिकणाऱ्याच्या हाती दिलं, आणि आधी त्याला वाचू दिलं, तरच ते विद्या देतं. पण ते हाती द्यायला "मला येत नाही, चला शिकू या" असं म्हणण्याचं धाडस मोठ्या माणसाला करावं लागतं.